शिरोरेषा मावत नाही

गेल्या आठवड्यात एका काकांचा फोन आला, गावाकडे घर बांधलंय, दारावर पाटी लावायचीय, नाव 'ज्ञानेश्वरकृपा', तुमचं अक्षर मोबाईलवर बघितलं, आवडलं. आता याचा आनंद व्हायला पाहिजे ना? पण खरं सांगते, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा की अरे देवा, हे रीलमध्ये मावणार नाही.

मी सुलेखन करते. लग्नपत्रिका, पाट्या, कव्हरं, कधी नाटकाचं टायटल. निम्म्याहून जास्त कामं ॲपवरूनच येतात, त्यामुळे ॲपला नावं ठेवायची आणि संध्याकाळी तिथेच पोस्ट टाकायची असा आपला संसार आहे. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. फोन उभा, रीलची फ्रेम उभी, १०८० बाय १९२०, आणि आपली देवनागरी पडली आडवी. रोमनवाले अक्षरं एकाखाली एक रचतात आणि मोकळे होतात, आपली अक्षरं शिरोरेषेला लोंबकळतात, एकाखाली एक ठेवली की शब्दच तुटला. मग उरतात छोटे शब्द. परवा जुन्या पोस्ट चाळत बसले होते तर दोन वर्षं मी काय लिहितेय? 'आई', 'श्री', 'ॐ', 'विठ्ठल', परत 'आई'. कोणी सांगितलं नव्हतं हो असं. लांब शब्दांना व्ह्यूज येईनात, मग हातच आखडला.

आणि शूटिंगचा थाट काय विचारू नका. पोह्याचा डबा आणि रव्याचा डबा, दोन्हीवर आडवी फूटपट्टी, त्यावर फोन पालथा, कॅमेरा खाली. पंखा बंद, नाहीतर कागद उडतो. बोरूची कागदावरची करकर यावी म्हणून मूळ आवाज ठेवायचा म्हटलं तर शेजारच्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या त्यात, मग गप ट्रेंडिंग गाणं लावायचं. चार मिनिटांचं काम पळवून वीस सेकंदात बसवायचं. एकदा दौत लवंडली, 'श्री'चा सत्यानाश झाला, चिडून तसंच टाकलं तर दोन लाख व्ह्यूज! आणि कामं किती आली? शून्य. त्याच महिन्यात एक पत्रिका मिळाली ती मावशीच्या भिशीतून.

आमच्या क्षेत्रात कमल शेडगेंचं नाव निघालं की लोक कान पकडतात. २०२० च्या जुलैमध्ये गेले ते. नाटकांच्या जाहिरातीतली त्यांची टायटलं बघत एक अख्खी पिढी वाढली, नाटक बघितलं नसलं तरी त्याचं नाव कसं लिहिलंय ते डोळ्यासमोर असायचं. आता कोणी म्हणेल, तेही पेपरवरच अवलंबून होते की, जाहिरातीची जागा तेवढीच, त्यातच बसवायचं. बरोबर आहे. पण पेपर बिल्डिंगमधे आला की चारही मजल्यांवर तोच यायचा. वरच्या काकूंना जाहिरात दिसली आणि खालच्यांना दिसलीच नाही, असं नव्हतं. आणि उद्या जास्त घरांत दिसायचं असेल तर रोज एक नाचून दाखव, असंही पेपर म्हणत नव्हता.

माझे चौदा हजार फॉलोअर आहेत म्हणे. माझे म्हणजे काय, एकाचाही नंबर माझ्याकडे नाही. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप बंद केली, तेव्हा ओळखीतला एक मुलगा, शेतात उभं राहून मस्त कॉमेडी करायचा, त्याचा सगळा प्रेक्षक एका रात्रीत गेला. भांडण दोन देशांचं, याचा काय संबंध? नंतर दुसरीकडे शून्यापासून सुरू केलं त्याने, पण ती मजा नाही आली, निदान मला तरी नाही वाटली. तेव्हापासून मी एक साधी वही केलीय, काम दिलेल्या प्रत्येकाचं नाव, नंबर, काय लिहून दिलं. २१२ नोंदी झाल्यात. दिवाळीला प्रत्येकाला हाताने लिहिलेलं कार्ड पाठवते, हात मोडून येतो.

तर काकांची पाटी. २२ बाय ३० इंचांचा हॅण्डमेड कागद आडवा घातला, 'ज्ञा' पासून 'पा' पर्यंत सगळं उतरवलं आणि शेवटी श्वास धरून शिरोरेषा ओढली, डावीकडून उजवीकडे, एका दमात. कित्येक महिन्यांत एवढी लांब रेघ मारली नव्हती, खांदा दुखला चक्क. फोन उभा धरला तर फक्त 'नेश्व' दिसत होतं. मग आडवा करून तसाच टाकला व्हिडिओ, वरखाली काळ्या पट्ट्यांसकट. दोन दिवसांत ३४० व्ह्यूज.

काकांना फोटो पाठवला. रात्री मेसेज आला, "छान झालंय ताई. ती वरची रेघ दोन्हीकडून अजून थोडी लांब करता येईल का?"