सेल्माच्या पुलावरची पाटी

अटलांटाहून सेल्मा गाडीने साडेतीन तास. अलाबामात शिरलं की घड्याळ तासभर मागे जातं, म्हणून आरामात निघूनही जेवायच्या आत पोचलो. आई औरंगाबादहून आलेली. (शहराचं नाव आता बदललंय, पण तिच्या तोंडात जुनंच आहे.) काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात एका पुढाऱ्याने या पुलावर मार खाल्ला, एवढं तिला सांगितलं होतं. तरी "पूल काय बघायचा?" असं ती दोनदा म्हणाली होती. गाडी लावून वर बघितलं तर लोखंडी कमानीवर मोठ्या काळ्या अक्षरांत नाव: एडमंड पेटस ब्रिज.

"हेच का ते पुढारी?"

नाही ना. पेटस हा सेल्माचाच वकील, अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती, काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या टोळीचा अलाबामातला म्होरक्या मानला जाणारा आणि पुढे सिनेटर. तो 1907 मध्ये वारला. 1940 मध्ये पूल खुला झाला तेव्हा त्याला याचं नाव दिलं. त्याच वर्षी अलाबामातच, ट्रॉय गावाजवळ, आईने विचारलेला तो पुढारी, जॉन लुईस, जन्मला. पूल आणि तो एकाच वयाचे.

सेल्माच्या बाजूने पूल चढत जातो आणि मध्यावर येईपर्यंत पलीकडचा रस्ता दिसतच नाही. हे वाचलेलं होतं. पोटऱ्यांना चढ जाणवला तेव्हा नीट कळलं. काळ्यांना मतदार यादीत नाव घालायचं होतं, एवढीच मागणी. या जिल्ह्यात निम्मी वस्ती त्यांची, आणि यादीत शंभरातले जेमतेम दोन. 7 मार्च 1965, रविवार. सहाशेच्या आसपास माणसं हा चढ चढून वर आली, तेव्हा त्यांना खाली पोलिसांची निळी रांग दिसली. मग अश्रुधूर, दंडुके, घोडे. सर्वांत पुढे पंचविशीतला लुईस होता. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तकं, एक सफरचंद, एक संत्रं, टूथब्रश आणि पेस्ट. तुरुंगात रात्र काढावी लागेल असा त्याचा हिशेब. तुरुंग राहिला बाजूलाच, त्याची कवटी फुटली. त्याच ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

आई कठड्याला टेकून खालची मातकट नदी बघत होती. मागून ट्रक गेला की पाय थरथरायचे. "मग त्या मुलाचं नाव का नाही देत?"

जुलै 2020 मध्ये लुईस गेले. घोडागाडीतून त्यांची शवपेटी याच पुलावरून शेवटची गेली, वाटेत गुलाबाच्या पाकळ्या अंथरल्या होत्या. तेव्हा ही मागणी फार जोरात होती. पण 2017 पासून अलाबामात चाळीस वर्षांहून जुन्या स्मारकांची नावं बदलायला कायद्यानेच बंदी आहे. आणि खुद्द लुईसनी 2015 मध्ये लेख लिहून नाव बदलायला विरोध केला होता: बरावाईट जसा घडला तसा इतिहास राहू द्या. 2022 मध्ये एक तोडगा निघाला. सरकारी नाव 'एडमंड पेटस–फूट सोल्जर्स ब्रिज' करायचं, म्हणजे पेटसच्या पुढे त्या पायी चालणाऱ्यांना जोडायचं, आणि कमानीवरची अक्षरं तशीच ठेवायची. राज्याच्या सिनेटने ते मंजूर केलं, पुढच्या सभागृहात अडलं.

आई हसली. "म्हणजे नामविस्तारच की रे!"

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात 1978 साली झाला, मग घरं जळली, माणसं मेली. 14 जानेवारी 1994 ला 'मराठवाडा' कायम ठेवून त्याच्या आधी नाव लागलं. सोळा वर्षं. आई तेव्हा रोज विद्यापीठाच्या गेटवरून शाळेत शिकवायला जायची. त्या दिवसांबद्दल ती फारशी बोलत नाही, पुलावरही बोलली नाही. मला मात्र लुईसांचं म्हणणं पटता पटत नाही. मार खाल्लेल्या माणसाने म्हटलं म्हणून ऐकून घ्यायचं, एवढंच.

परतताना तिने फोन माझ्या हातात दिला. फोटोत पाटी येऊ देऊ की नको, मी विचारलं.

"येऊ दे," पदर सारखा करत ती म्हणाली. "पण मला पुढे घे."