पेन थांबलं तो प्रश्न

आज एचआयव्हीच्या नेहमीच्या तपासणीला गेले होते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, यंदाही सापडण्याच्या पातळीखाली. रोज एक गोळी, इतकंच माझं औषध. विषाणूचं प्रमाण टिकून दर मिलिलिटर रक्तात २०० कॉपींच्या (विषाणूच्या प्रतींच्या) खाली असलं की शारीरिक संबंधांतून तो जोडीदाराला होत नाही, हे मी आता पाठच केलंय.

मग समुपदेशक ताईंनी एक फॉर्म हातात दिला. जागतिक आरोग्य संघटनेची एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठीची प्रश्नावली, ३१ प्रश्नांची. झोप, थकवा, पैसे, मैत्री, श्रद्धा... भराभर खुणा करत गेले. एका ठिकाणी पेन थांबलं. एचआयव्ही झाल्याबद्दल लोक दोष देतात, त्याचा तुम्हाला किती त्रास होतो?

किती वेळ बसून होते, कळलंच नाही. रक्ताचा अहवाल इतका चांगला, आणि मी त्या एका ओळीवर अडकलेली. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात माझा आजार भर रांगेत मोठ्याने विचारला होता. त्यानंतर दोन महिने मी गोळ्या आणायलाच गेले नाही. (विषाणू तेव्हा वाढला होता. औषध तेच होतं, फरक फक्त त्या आवाजाचा.)

ताई शेजारी येऊन बसल्या. घाई केली नाही. हळूच विचारलं, "हा प्रश्न नंतर घ्यायचा का?"

मी नाही म्हटलं. "खूप" वर खूण केली. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि आम्ही बराच वेळ बोललो.