ट्रॉली भरायच्या आधी

केंद्रातल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या गावांच्या गटातल्या, शाळांच्या बातम्या गोळा करून तालुक्याला पाठवणं हे केंद्रप्रमुखाच्या कामातलं मला मनापासून आवडणारं काम. शिष्यवृत्तीला कोणत्या शाळेची मुलं लागली, लोकवर्गणीतून कुठं कंपाउंड उभं राहिलं, कुणाच्या परसबागेतली मेथी यंदा शाळेच्या आहारात आली, कोणते गुरुजी सेवानिवृत्त होतायत, असं सगळं. सोबत दर महिन्याला एका कर्मचाऱ्याची यशोगाथा जाते. एक पान मजकूर आणि दोन फोटो. शिक्षण परिषदेत ती वाचून दाखवली जाते आणि मग शिक्षकांच्या मोबाइलवरच्या गटावर फिरते.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी वस्तीवरच्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या मॅडमची निवड केली. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "सर, टोळ्या निघेपर्यंत मला बोलायला सवड नाही. तुम्ही टोळी निघायच्या दिवशीच या. सकाळी लवकर या."

आमचा भाग बीड जिल्ह्यातला, बालाघाटच्या डोंगरातला. मुरमाड जमीन, भरवसा नसलेला पाऊस. दसरा-दिवाळी झाली की गावं ऊसतोडीला निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी बारामती-इंदापूरकडं, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उन्हाळ्यातच घेतलेली असते. लग्न, दवाखाना, बोअर, ती कशात ना कशात गेलेली असते. म्हणजे जायचं की नाही हा प्रश्नच दिवाळीला उरलेला नसतो. उरतो तो एवढाच, की लेकरांचं काय करायचं.

लेकरं सोबत गेली तर उसाच्या फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. थोरली पोरगी धाकट्याला सांभाळते, जरा मोठा पोरगा उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधू लागतो. मार्च-एप्रिलात परत येतात तेव्हा वर्गाचं निम्मं वर्ष निघून गेलेलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. वाचता येणारं मूल दोन हंगामांत अक्षरं विसरलेलं मी स्वतः पाहिलं आहे. ते थांबावं म्हणून समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून हंगामी वसतिगृहं चालतात. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच ठिकाणी लेकरं झोपायला आजी-आजोबांकडं जातात. शाळेत त्यांचं सकाळचं आणि संध्याकाळचं जेवण होतं, दुपारचा नेहमीचा पोषण आहार असतोच. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. कागदावर योजना सोपी आहे. अवघड असतं ते आईला ट्रॉलीत एकटी चढवणं.

मी पोहोचलो तेव्हा मारुतीच्या पारासमोर ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या. बाजरीची पोती, पिठाचे डबे, ताडपत्री, कोपीचे बांबू, चुलीसाठी सरपण, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. मुकादम याद्या पुकारत होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर मॅडम आपली यादी घेऊन उभ्या होत्या.

दोनशे पानी साधी वही. ती मी नंतर निवांत चाळली, आणि मला वाटतं यशोगाथेला तेवढी वहीच पुरेशी होती. दर घराला एक पान. कोण जातंय, कुठल्या कारखान्याला, मुकादमाचा नंबर, बापाचा नंबर, माघारी कोण राहतंय, त्या म्हातारीला रात्री दिसतं का, लेकराला फिट येते का, दमा आहे का, कुठल्या चुलतीशी घराचं पटत नाही. हे सगळं गणपतीपासून दररोज संध्याकाळी घरोघर फिरून लिहिलेलं. आई-बाप विचारतात ते प्रश्नही एका पानावर होते: पोरीच्या डोक्यात उवा झाल्या तर कोण बघणार? रात्री ताप आला तर कुणाची गाडी? म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर? प्रत्येकासमोर एक नाव आणि एक फोन नंबर लिहिलेला होता. "शिक्षणाचं महत्त्व त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे सर," त्या म्हणाल्या. "ते सांगत बसले तर मला दारातून परत पाठवतील. त्यांना गाडीवाल्याचा नंबर पाहिजे असतो."

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण गावोगावी मी उलटं ऐकतो. गुरुजी पटासाठी पोरं अडवून ठेवतात, असं लोक बोलतात. शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ज्यात ठरतं त्या संचमान्यतेला पट धरला जातो तो 30 सप्टेंबरचा. टोळ्या निघतात त्यानंतर. ही मुलं राहिली काय, गेली काय, मॅडमच्या पदाला धक्का लागणार नव्हता. मुलं राहिली म्हणून वाढली ती फक्त त्यांची संध्याकाळची ड्युटी.

ट्रॉली निम्मी भरली असेल, तेवढ्यात दुसरीतला एक मुलगा सापडेना. त्याचं राहायचं ठरलेलं होतं, आजीही तयार होती. हाका मारल्या, विहिरीकडं माणूस पळाला. शेवटी तो मागच्या ट्रॉलीत, भांड्यांच्या पोत्यामागं ताडपत्री ओढून बसलेला मिळाला. बापानं हात धरून ओढायला सुरुवात केली तसा त्यानं जो हंबरडा फोडला, तो ऐकून पारावरची माणसं गप्प झाली. आई खाली उभी होती. ती म्हणाली, "असू द्या मॅडम. नेते मी त्याला. मला तिकडं झोप नाही यायची."

मला वाटलं, मॅडम आता समजावतील. त्यांनी बापाला आधी हात सोडायला लावला. मुकादमाला सांगितलं, "पाच मिनिटं थांबा भाऊ." मग त्या आईशेजारी उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ताई, न्यायचं असेल तर न्या. मी कार्ड करून देते, तिकडच्या शाळेत बसवा म्हणून सांगते. तुमचं लेकरू आहे. पण ठेवणार असाल तर तुम्हीच त्याला उतरवा. मी उतरवलं तर तो माझ्याकडं राहायचा नाही."

बाई ट्रॉलीत चढली. पोत्यामागं दोघं मायलेक किती वेळ बसली ते मी घड्याळात पाहिलं नाही. मुकादमही बोलला नाही, त्याचं मला कौतुक वाटलं. मग ती त्याला कडेवर घेऊन उतरली. सात वर्षांचा पोरगा, पाय लोंबत होते. तिनं त्याला आजीकडं दिलं नाही, मॅडमकडं दिलं नाही, शाळेच्या ओट्यावर नेऊन बसवलं आणि म्हणाली, "रोज रात्री फोन लावीन. तू उचलायचास. मॅडमनं नाही उचलायचा." मग वळून ट्रॉलीत जाऊन बसली.

बावीस वर्षं मी या खात्यात आहे. स्थलांतर रोखलेल्या विद्यार्थ्यांचे तक्ते मी भरले आहेत, तपासले आहेत, वर पाठवले आहेत. त्या रकान्यात एक आकडा वाढतो तेव्हा त्या जागी काय घडलेलं असतं, हे इतक्या जवळून त्या दिवशी पाहिलं. लेकरू शाळेत राहावं हे बरोबरच आहे, त्याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. पण त्याची किंमत त्या बाईनं मोजली. ज्या शिक्षिकेला हे कळतं, तिच्याच दारात लोक लेकरं ठेवून जातात.

आणखी एक मुलगी होती, चौथीतली. तिचं मात्र राहणं शक्य नव्हतं. घरी दीड वर्षाचा भाऊ, अंगावर पिणारा, आणि माघारी राहायला कोणीच नाही. बाप अवघडून म्हणाला, "मॅडम, हिला ठेवली तर बारक्याकडं कोण बघंल? फडात ट्रॅक्टर मागंपुढं होतेत. पाचटात लेकरू दिसत नाही." खरं होतं ते. फडात लेकरं दगावल्याच्या बातम्या आम्ही सगळ्यांनीच वाचलेल्या आहेत. मॅडमनी एका शब्दानंही वाद घातला नाही. पिशवीतून शिक्षण हमी कार्ड काढलं आणि ओट्यावर बसून भरायला घेतलं.

हे कार्ड म्हणजे स्थलांतरित मुलाचा परवाना. ते दाखवलं की तिकडच्या शाळेनं मुलाला वर्गात बसवायचं, दाखल्यासाठी अडवायचं नाही, आणि इकडं मूळ शाळेत नाव कायम राहतं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानंच दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायला मनाई केली आहे. बहुतेक कार्डांवर मी नाव, इयत्ता, आधार एवढं भरलेलं बघतो आणि अध्ययन स्तराच्या जागी एखादी खूण. मॅडमनी त्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: उतारा न अडखळता वाचते. हातच्याची वजाबाकी येते. भागाकार नुकता सुरू केला आहे, एक अंकी भाजकापर्यंत. मोठ्यानं विचारलं तर गप्प होते, जवळ बसवून विचारावं. गोष्टी लिहायला आवडतात.

मग मुकादमाला बोलावून टोळी कारखान्याच्या नेमकी कुठल्या गटात, कुठल्या गावाच्या शिवारात उतरणार ते विचारलं. कोल्हापूरकडचा कारखाना होता. त्या गावाच्या जिल्हा परिषद शाळेचा नंबर त्यांनी आठवडाभर आधीच मिळवून ठेवला होता. तिथल्या मुख्याध्यापकांना त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. ते गृहस्थ शांतपणे ऐकून म्हणाले, "पाठवा ताई. अंगणवाडी आमच्या आवारातच आहे. धाकट्याला घेऊनच येऊ दे तिला. बघतो आम्ही." फोन ठेवल्यावर मॅडमनी त्यांचं नाव आणि नंबर कार्डाच्या मागं लिहिला, बापाला वाचून दाखवला आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतला. मुलीला गणिताचं पुस्तक, दोन कोऱ्या वह्या दिल्या. ती ट्रॉलीत भावाला मांडीवर घेऊन बसली आणि वह्या तिनं पोलक्याच्या आत खोचल्या.

नारळ फुटला, ट्रॅक्टर निघाला. पांदीच्या वळणापर्यंत लेकरं मागं पळत गेली.

दुपारी मी परतणार होतो, पण थांबलो. वसतिगृहाची पहिली संध्याकाळ कशी जाते ते मला बघायचं होतं. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी पिठलं-भाकरी केली होती आणि गोड म्हणून शिरा. सोबतचे सर, ते शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक, लेकरांना अंगणात लंगडी खेळवत होते. सगळ्यांत ज्यांचं मला अप्रूप वाटलं त्या म्हणजे आज्या. मॅडमनी पहिल्या दिवशी त्यांनाही जेवायला बोलावलं होतं. नातवंडाला रात्री घरी घेऊन जायचं, सकाळी वेळेवर आणून सोडायचं, औषध चालू असेल तर काय द्यायचं, हे एकेकीशी बोलणं चाललं होतं. या म्हाताऱ्यांनी उभा जन्म कोयता चालवलेला. एकीच्या डाव्या हाताचं बोट अर्धं नव्हतं. ती मला म्हणाली, "आमी गेलो तवा आमची लेकरं नेली संगं. ठिवायला कुठं होतं तवा? आता ठिवणार आहे म्हणून तर मी राहिले. नायतर अजून मोळी उचलती मी."

दुसरीतला तो मुलगा जेवला नाही. ताटासमोर बसून राहिला. मावशींनी आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं. आठच्या पुढं फोन वाजला. ट्रॅक्टर वाटेत कुठल्याशा ढाब्यावर थांबला होता, मागून गाड्यांचे आवाज येत होते. मॅडमनी फोन न उचलता त्याच्या हातात दिला. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, ते ऐकायचं नव्हतंच. थोड्या वेळानं त्यानं फोन आणून दिला आणि मावशींना विचारलं, "शिरा हाय का अजून?"

यशोगाथा मी लिहिली. एका पानात बसली नाही, दोन पानं झाली, आणि तालुक्यानं ती तशीच घेतली. फोटोही मी रोजच्यापेक्षा वेगळे दिले: एक वहीच्या पानाचा, नावं-नंबर झाकून, आणि एक ओट्यावर बसलेल्या आज्यांचा. मॅडमचा स्वतःचा फोटो त्यांनी काढू दिला नाही.

जानेवारीत कोल्हापूरकडच्या त्या मुख्याध्यापकांचा निरोप आला. मुलगी येतेय, रोज नाही, पण आठवड्यातले बरेच दिवस येते. धाकटा अंगणवाडीत खिचडी खातो आणि तिथंच झोपतो. ऊस लांबच्या शिवारात तोडायला लागला की ती येत नाही, तेव्हा त्यांचे एक शिक्षक शाळा सुटल्यावर कोपीवर जाऊन गृहपाठ देऊन येतात. त्या महिन्याच्या बातम्यांत मी आमच्या केंद्राबाहेरच्या या शिक्षकांचं नाव पहिल्यांदा घातलं. आमचं मूल सांभाळणारा माणूस तो आमचाच कर्मचारी, असं मी बैठकीत सांगितलं, आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

एप्रिलात टोळी परत आली. मुलगी कार्ड घेऊन शाळेत आली. मागच्या बाजूला निळ्या शाईत, दुसऱ्या अक्षरात भर घातलेली होती: दोन अंकी भाजकाचा भागाकार येतो. गोष्टींची वही सोबत देत आहे, जरूर वाचावी. मॅडमनी ती वही मधल्या सुट्टीत वर्गात वाचून घेतली.

आता ती पाचवीत आहे. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची. तिच्या बापानं परवा स्वतःहून तिथल्या प्रवेशाची चौकशी केली. धाकटा आता चालतो-बोलतो, त्याच्यासाठी आत्या राहायला तयार आहे. अर्जाला जातीचा दाखला आणि मुकादमाचं पत्र लागतंय का, ते मॅडम उद्या विचारून येणार आहेत. केंद्रातल्या बाकी शाळांना मी यंदा त्या वहीचा नमुना पाठवला आहे, आणि हमी कार्डावर नुसती खूण न करता मुलाला काय येतं ते स्वतःच्या शब्दांत लिहावं, मागं तिकडच्या गुरुजींचा नंबर टाकावा, असं कळवलं आहे. गणपती बसायच्या आत सगळ्या वह्या सुरू झालेल्या मला बघायच्या आहेत.