ईसी उतरली, पाणी मुरेना

एकाच वावराचे दोन रिपोर्ट. मे महिन्यातल्या नमुन्याची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) १.९, ऑक्टोबरातल्या नमुन्याची ०.३८. दुसऱ्या रिपोर्टवर आमच्याच माती प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याचा शेरा: "क्षारता सर्वसाधारण. जमीन सुधारली आहे." शेतकरी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पूर्णा खोऱ्यातला. तो कागद घेऊन परत आला, कारण त्या 'सुधारलेल्या' जमिनीत पावसाळाभर पाणी तुंबून तूर बसली होती आणि आता हरभऱ्याचं बी वरची पापडी फोडून धड बाहेर येत नव्हतं.

"मीठ धुतल्या गेलं म्हनता सायेब, तं मंग पानी काऊन मुरत नाही वावरात?"

उत्तर त्या दोन कागदांतच होतं. शेरा मारणाऱ्याने ईसीचा रकाना पाहिला, सामूचा (पीएच) पाहिला नाही. मे महिन्यात सामू ८.३ होता, ऑक्टोबरात ८.८. ईसी उतरली आणि त्याच वेळी सामू चढला, की ओळखावं: मोकळे क्षार गेले, पण मातीच्या कणांना धरून बसलेलं सोडियम तिथेच आहे. शिवाय मेचा आणि ऑक्टोबरचा नमुना असा समोरासमोर धरताच येत नाही. उन्हाळ्यात केशाकर्षणाने क्षार वर येऊन बसतात, पावसात खाली उतरतात. नमुना कोणत्या महिन्यात काढला हे पिशवीवर लिहिण्याची तसदी मात्र कुणी घेत नाही.

खारपाण जमिनीला कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्याचे ठोकताळे लावले की घोळ होतो. तिकडे जादा पाण्याने जमिनी चोपण झाल्या, म्हणजे सोडियमने घट्ट होऊन निचरा गमावून बसल्या. पूर्णेच्या खोऱ्यात कालव्याचं पाणी न पोचलेली वावरंसुद्धा आतून बिघडलेली आहेत. बेसाल्टच्या गाळाची खोल काळी माती, त्यात निम्म्याहून जास्त चिकण. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक. मुरलेलं पाणी क्षारांना घेऊन मुळांच्या पार खाली जाईल एवढं पुरत नाही. ओल सुकताना मातीच्या पाण्यातलं कॅल्शियम चुना होऊन बसतं. खड्डा खणला की दिसणारे पांढरे खडे त्याचेच. कॅल्शियम असं बाजूला पडलं की उरलेल्या पाण्यात सोडियमचं पारडं जड होतं आणि ते चिकणकणांवर कॅल्शियमची जागा घेतं. ही क्रिया खालच्या थरात आधी पुढे जाते. म्हणून वरचा वीतभर थर ठीक दिसतो आणि मीटरभर खाली माती पार निकामी असते.

कणांना धरून बसलेलं, म्हणजे विनिमययुक्त सोडियम कणांच्या एकूण धारणक्षमतेच्या १५ टक्क्यांवर गेलं की जमीन चोपण, ही मर्यादा अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली घातली. आपल्या काळ्या मातीला ती फार सैल पडते. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी याच खोऱ्यात काम करून दाखवलं आहे की इथे ५ टक्क्यांच्या आसपासच निचरा ढासळू लागतो. ईसीची ४ ही मर्यादाही अशीच चुकीच्या जागी लावली जाते. ती संपृक्त लगद्याच्या, म्हणजे माती पाण्याने जेमतेम भिजवून काढलेल्या अर्काची आहे. आम्ही मोजतो ते १ भाग माती आणि २.५ भाग पाणी मिसळून, म्हणजे चांगलंच पातळ करून. त्या आकड्याला ४ ची पट्टी लावून "सर्वसाधारण" म्हणणारे पदवीधर मी रोज पाहतो.

पावसाच्या पाण्याने बिघडण्याएवढं सोडियम वरच्या थरात आलं कुठून, याचा उलगडा त्याच्या दुसऱ्या वाक्यात झाला. वावरात बोअर होता. काही हंगाम त्याने हरभरा आणि कपाशी स्प्रिंकलरने त्याच पाण्यावर काढली होती. पहिली दोन पिकं झकास आली, म्हणून शेजाऱ्यांनीही बोअर मारले.

पाण्याची बाटली त्याने बरोबर आणली होती, हे त्याचं शहाणपण. ईसी २.५. सोडियम लिटरला २०.५ मिलीइक्विव्हॅलंट (वेगवेगळे क्षार एकाच मापाने तोलायचं एकक), कॅल्शियम १.२, मॅग्नेशियम २.८, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिळून ८.६. बेरीज-वजाबाकी केली तर सोडियम शोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती) साडेचौदा आणि शिल्लक सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेलं कार्बोनेट) ४.६. ही शिल्लक २.५ च्या वर गेली की पाणी ओलितालाच नको. असं पाणी जमिनीत गेलं की बायकार्बोनेट मातीतलं उरलंसुरलं कॅल्शियम चुन्यात बसवतं आणि सोडियमला रान मोकळं होतं.

मग पहिली पिकं चांगली का आली? इथेच बहुतेकांची गफलत होते. खारट पाणी चिकणमातीला बांधून ठेवतं. आपल्या काळ्या मातीतली चिकण स्मेक्टाइट जातीची. तिचे पापुद्रे ओल्या पापडांच्या चवडीसारखे एकमेकांवर असतात आणि मध्ये पाणी शिरलं की फुगतात. भोवतालच्या पाण्यात क्षार भरपूर असले तर पापुद्रे जवळ राहतात, कण गुठळ्या धरून असतात, फटी शाबूत राहतात. सोडियम चढलं तरी हे चालतं, जोवर पाणी त्या मानाने खारं आहे तोवर. मग मृग बरसतो. पावसाच्या पाण्याची ईसी जवळजवळ शून्य. क्षार धुऊन खाली जातात, कणांवरचं सोडियम तिथेच राहतं, पापुद्रे सुटतात, चिकण दुधासारखी पसरते आणि जाता जाता फटी बुजवते. सोडियमच्या प्रत्येक टक्केवारीला पाण्यात किमान किती क्षार हवेत म्हणजे माती फुटणार नाही, ही कल्पना क्वर्क आणि स्कोफील्ड यांनी १९५५ सालीच मांडली होती. आमच्या रिपोर्टच्या नमुन्यात ती अजून आलेली नाही.

हे त्याला आकड्यांत सांगण्यात अर्थ नव्हता. त्याच्याच वावरातली सुकी ढेकळं फोडून हरभऱ्याएवढे खडे निवडले. एका बीकरमध्ये त्याच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात डिस्टिल्ड. खडा अलगद सोडायचा, ढवळायचं नाही, टेबलाला धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही. दोन्हीकडे खडे लगेच उकलले, बुडबुडे आले. हे उकलणं वेगळं; आत कोंडलेली हवा बाहेर पडताना खडा तुटतो, चांगल्या काळ्या मातीतही हे होतं आणि त्यात वाईट काही नाही. पाहायचं ते पुढे. दहाएक मिनिटांत डिस्टिल्ड पाण्यातल्या चुऱ्याभोवती धुरकट कडं दिसू लागलं, तळाशी पसरलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर अख्खं पाणी गढूळ. बोअरच्या पाण्यात चुरा तळाशी बसलेला, वरचं पाणी नितळ. तो बराच वेळ दोन्ही बीकर उजेडाकडे धरून पाहत होता. "म्हंजे खाऱ्या पान्यानं सांभाळलं अन् पावसानं मारलं?" पाऊस फक्त उघडं पाडतो, मारतं ते बोअरचं सोडियम, एवढीच दुरुस्ती मी केली.

खरं तर बीकरपर्यंत जायचीही गरज नव्हती. या नमुन्याने प्रयोगशाळेत शिरल्यापासून सांगायला सुरुवात केली होती. सामू-ईसीसाठी केलेलं मिश्रण चांगल्या मातीत अर्ध्या तासात निवळतं. याचं दुसऱ्या दिवशीही गढूळच. स्फुरद मोजायला काढतात त्या ओल्सेन पद्धतीच्या अर्काला फिल्टर पेपरमधून थेंब थेंब उतरायला तास लागला, आणि उतरला तो चहाच्या रंगाचा, कारण सोडियमच्या जोरावर सेंद्रिय पदार्थही विरघळून आला. तो रंग मारायला कोळशाची भुकटी जास्त टाकावी लागते. नाही टाकली तर निळ्या रंगावर मोजलेला स्फुरद फुगून येतो. आमच्याकडची पोरं अशा नमुन्याला शिव्या देतात, कोळसा वाढवतात आणि पुढच्या नमुन्याकडे वळतात. गाळायला लागलेला वेळ कुठेच लिहिला जात नाही. मला विचाराल तर त्या रिपोर्टमधली सगळ्यात कामाची नोंद तीच असती.

मे महिन्याच्या नमुन्यातला सेंद्रिय कर्बही संशयास्पद होता, ०.७१ टक्के. खाऱ्या नमुन्यातलं क्लोराइड कर्ब मोजायला घातलेलं डायक्रोमेट खातं आणि कर्ब उगाच जास्त दिसतो. सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट घातलं की हे टळतं. ते महाग, म्हणून रोजच्या कामात कुणी घालत नाही. ऑक्टोबरात कर्ब ०.५२ आला. म्हणजे रिपोर्टच्या हिशेबाने शेतकऱ्याने पाच महिन्यांत जमिनीतला चौथाई कर्ब घालवला!

सरकारची मृदा आरोग्य पत्रिका २०१५ साली आली. तिच्यात बारा घटक आहेत: सामू, ईसी, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. सोडियम नाही. ज्या फ्लेम फोटोमीटरवर पालाश मोजतो, त्याच अमोनियम ॲसिटेट अर्कात फिल्टर बदलून सोडियम वाचता येतं. फक्त पाण्यात विरघळणारं सोडियम वेगळं मोजून वजा करावं लागतं, नाहीतर खारी माती उगाच चोपण ठरते. आणि विनिमय क्षमता (मातीचे कण सोडियम-कॅल्शियमसारखे घटक एकूण किती धरू शकतात ती) त्याच अर्कातल्या कॅल्शियमची बेरीज करून काढायची नाही, कारण हा अर्क मातीतला चुनाही विरघळवतो. त्यासाठी सामू ८.२ चं सोडियम ॲसिटेट, अल्कोहोलने धुलाई, हा लांबचा रस्ता घ्यावा लागतो. तो घेतला. क्षमता १०० ग्रॅमला ५४ मिलीइक्विव्हॅलंट, विनिमययुक्त सोडियम ६.६, म्हणजे १२ टक्के. ६० ते ९० सेंटिमीटर थरातून वेगळा नमुना मागवला होता, त्यात १८ टक्के.

जिप्समचा हिशेब तोंडी करता येतो. एकराच्या १५ सेंटिमीटर थराची माती साधारण ८ लाख किलो. त्यातून १०० ग्रॅममागे १ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला शुद्ध जिप्सम सुमारे ६९० किलो. ५ टक्क्यांवर आणायचं तर ३.९ हटवायला हवं, म्हणजे २.७ टन, ७० टक्के शुद्धतेचं धरलं तर जवळपास ३.९ टन. मातीत चुना ११ टक्के आहे, मग कॅल्शियम बाहेरून कशाला, हा प्रश्न त्याने विचारलाच. ८.८ सामूला तो चुना विरघळत नाही. विरघळवायचा तर गंधक. जीवाणू त्याचं आम्ल करतात आणि चुन्याचं जागच्या जागी जिप्सम होतं. १ टन गंधक म्हणजे सुमारे ५.४ टन जिप्सम, पण त्याला ऊब, ओल, हवा आणि महिने लागतात. पाणी तुंबलेल्या वावरात हवाच नसते.

जिप्सम मेअखेर पसरायचं आणि वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्येच मिसळायचं. नांगराने खोल गाडलं तर पैसे मातीत. पहिल्या पावसात ते थोडं थोडं विरघळतं आणि पाण्याला लागणारे क्षारही तेच पुरवतं, म्हणजे बोअरचं चांगलं काम ते करतं, वाईट काम न करता. हटलेलं सोडियम बाहेर पडायला वाट हवी. रुंद वरंबा-सरी, सरीला हलका उतार आणि धुऱ्यालगत चर. त्याचा चर शेजाऱ्याच्या वावरातून नाल्याला मिळतो आणि शेजाऱ्याने तो बुजवून पेरलं आहे. यावर माझ्याकडे कोणतंही रसायन नाही.

शेततळ्याचा मुद्दा त्यानेच काढला. खारपाणात शेततळ्याला प्लास्टिक लागत नाही. जी माती पिकाला पाणी पिऊ देत नाही तीच तळ्याला पाणी सोडू देत नाही. फक्त ते पाणी महिनोन्‌महिने गढूळ राहतं आणि स्प्रिंकलरचे नोझल चोंदतात. मूठभर जिप्सम ड्रममध्ये टाकून पाहा म्हटलं, निवळतं.

माझा आणि त्या सहकाऱ्याचा वाद पुढच्या सल्ल्यावर झाला. त्याचं म्हणणं, बोअर आजच बंद. मला ते पटलं नाही. उगवला तेवढा हरभरा उभा आहे, तळं नाही, आणि नुसता बोअर बंद केल्याने १२ टक्के सोडियम जात नाही. पुढच्या मृगात हेच होणार. मी लिहून दिलं ते असं: या रब्बीत बोअरच्या दोनच हलक्या पाळ्या, ५ सेंटिमीटरच्या, आणि पाणी जिप्समच्या थरातून काढून. शिल्लक कार्बोनेट ४.६ वरून २.५ वर आणायला एकराच्या एका पाळीला ७० टक्क्यांचं जिप्सम ५० किलोच्या आसपास लागतं, म्हणजे एक गोणी. मेमध्ये जमिनीला पूर्ण मात्रा. खालच्या थरातल्या १८ टक्क्यांना हात लागणार नाही, हेही लिहिलं. वरचा वीतभर थर पाणी मुरेल असा मोकळा ठेवणं एवढंच त्याच्या आवाक्यात आहे.

संगणकातल्या रिपोर्टमध्ये हे घालायला रकाना नाही. शिफारशीच्या चौकटीत कपाशीची नेहमीची खतमात्रा आपोआप उमटते, तीच उमटली. बाकीचं मी पेनाने मागच्या बाजूला लिहिलं, आणि शिक्का मारायला सहकाऱ्याने नकार दिला. मे महिन्यातला पुढचा नमुना जिप्सम टाकण्याआधी काढायला सांगितलं आहे, तीन थरांतून, पिशवीवर महिना लिहून.