गडगा आणि दावं

पावसाळा सरून पंधरा-वीस दिवस झाले असतील. रत्नागिरीतल्या माझ्या सायकलदुरुस्तीच्या दुकानासमोर एक मुलगी सायकल ढकलत येऊन थांबली. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून ती गणपतीपुळ्याला राहिली होती आणि आज आरे-वारेच्या चढावर अडली.

"काका, चेन लहान चकतीवर उतरतच नाही. उतरली तर सरळ आत पडते."

वाटेत कुणीतरी स्क्रू फिरवून दिले होते. पडणाऱ्या चेनने बॉटम ब्रॅकेटजवळचा, म्हणजे पेडलच्या आसाजवळचा, रंग पार खरवडला होता. इतकी चांगली फ्रेम, जीव हळहळला.

पुढचा डिरेलर चेनला एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो. त्याचे एल (आतली हद्द) आणि एच (बाहेरची हद्द) हे दोन स्क्रू म्हणजे आगराचा गडगा, दगडी कुंपण. गुरांनी कुठवर जायचं ते गडगा ठरवतो, पण तो गुरं हाकत नाही. हलवते ती केबल, म्हणजे दावं. त्यामुळे मी आधी केबल सोडली आणि डिरेलर बोटाने बाहेर ढकलून पाहिला. स्प्रिंगने तो झटकन आत आला, म्हणजे त्याचा दोष नव्हता. लहान चकतीवर उतरताना ओढ फक्त त्या स्प्रिंगची असते. केबल अडकली की स्प्रिंग हरते.

सायकल उलटी केली. खालची प्लॅस्टिकची खाच वाळू आणि जांभ्याच्या लाल मातीने लिंपून गेली होती, त्यात केबल गंजून खरखरीत झालेली.

"गुहागरला पुळणीवरून चालवली होती," ती हळूच म्हणाली.

खाच गोड्या पाण्याने धुतली, केबल आणि तिच्यावरचं चार मिलिमीटरचं आवरण (आउटर) नवं घातलं. पण केबल लगेच आवळली नाही. चेन ज्यातून जाते त्या डिरेलरच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चकतीच्या दात्यांपासून दोन मिलिमीटर वर आणि चकतीला समांतर आहे ना, ते आधी पाहिलं. मग चेन पुढे सगळ्यात लहान आणि मागे सगळ्यात मोठ्या चकतीवर ठेवून एल स्क्रू आत घेतला, आतली पट्टी चेनला जेमतेम न घासेल इतका. मगच केबल ताणून आवळली. शेवटी चेन पुढे मोठ्या, मागे लहान चकतीवर नेऊन एच पाहिला. त्याला कुणी हात लावला नव्हता, मीही लावला नाही.

स्टँडवर गियर पडले म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या बाजूच्या चढावर तिलाच चालवायला लावली, मी मागून स्कूटरवर.

"ताई, आता पायाचा जोर जरा कमी करा आणि गियर पाडा."

टक. चेन लहान चकतीवर बसली आणि तिथेच राहिली. ती थांबली नाही. हात वर करून तशीच पुढे पावसच्या दिशेने निघून गेली.