आज बैठकीत मागितलं

समितीवर येऊन २ वर्षं झाली, आणि मला काय लागतं ते आज पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं. मला दिसत नाही. बैठकीचे कागद स्कॅन करून पाठवतात. ते म्हणजे नुसते फोटो, माझ्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात एक अक्षर सापडत नाही. म्हणून आजवर घरी कुणाकडून तरी वाचून घ्यायचे, गोपनीय कागदसुद्धा. हे फार खुपायचं.

आज अध्यक्षांना म्हटलं, कागद टाइप केलेल्या फाइलमध्ये ४ दिवस आधी द्या. बोलण्याआधी प्रत्येकाने नाव सांगावं. हात वर करून मतदान झालं, तर कुणी काय मत दिलं ते मोठ्याने वाचा. त्या लगेच हो म्हणाल्या. खजिनदारांनी विचारलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?" आवाज कापला माझा. उपकार मागतेय असं वाटायचं हो. अशी वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच, असं संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या २००६ च्या करारात लिहिलंय. ते मला पाठ होतं, तरीही.

संध्याकाळी ताळेबंदाची फाइल आली. हेडफोन लावून एकटीच वाचत बसलेय. तिसऱ्या पानावरच्या एका आकड्याबद्दल खजिनदारांना विचारायचंय.