स्पेक नको, बाई!

म्युनिकहून निघालेली गाडी ब्रेनरची खिंड उतरून चारेक तासांनी आम्हाला उतरायचं होतं त्या स्टेशनात शिरली. पाटीवर दोन नावं, बोल्झानो आणि बोझेन. आई म्हणाली, "दोन गावं आहेत का गं?"

गाव एकच, इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्सच्या कुशीत. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता, नंतर इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राजवटीत शाळांतून जर्मन हद्दपार झाली, गावांची नावं बदलली. 1972 च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर गाडी रुळावर आली. आज प्रांतात जर्मन बोलणारे जास्त, पण खुद्द शहरात इटालियन. आम्ही बेळगावचे, पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, हे आम्ही न बघता पुढे जातच नाही.

माझी खरी काळजी मात्र जेवणाची होती. आईला अंडं चालतं, मांस अजिबात नाही. पहिल्या दुपारी एका खानावळीत मी विचारलं, "जवाच्या सूपमध्ये मांस आहे का?" "नाही," म्हणाली वाढणारी. वाडगा आला तर वर गुलाबी तुकडे तरंगताहेत! तो स्पेक, म्हणजे मीठमसाला लावून, हलका धूर देऊन महिनोन्महिने वाळवलेली डुकराची मांडी. त्या बाईच्या लेखी ते मांस नव्हतंच बहुतेक, आपण फोडणीत हिंग घालतो तसं काहीतरी असावं. आईने वाडगा हळूच माझ्याकडे सरकवला आणि नुसता पाव खाल्ला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धडा घेतला. मांस आहे का, असं मोघम विचारायचं नाही. स्पेकचं नाव घ्यायचं, जर्मनमध्ये "ओने श्पेक", इटालियनमध्ये "सेन्झा स्पेक". शिवाय सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय तेही विचारायचं, कारण साध्या दिसणाऱ्या सूपच्या तळाशी बऱ्याचदा हाडांचा अर्क असतो.

रात्री दुसरीकडे पालकाचे क्नोडल मागवले. इटालियन लोक त्यांनाच कानेडर्ली म्हणतात. शिळा पाव दुधात भिजवायचा, अंडं आणि पालक घालून गोळे वळायचे, मिठाच्या पाण्यात उकडायचे, वर वितळलेलं लोणी आणि किसलेलं चीज. आईने सुरी उचलली तशी वाढणारी मुलगी हसून "ना, ना" म्हणाली. क्नोडल सुरीने कापायचा नसतो, काट्याने फोडायचा. "शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, तसंच की," आई म्हणाली आणि दोन गोळे संपवले. सोबत श्लुट्सक्राप्फन आले, पालक आणि मऊ चीज भरलेल्या इवल्याशा करंज्याच. ती मुलगी आमच्या उजवीकडच्या टेबलाशी जर्मन बोलत होती, डावीकडे इटालियन. आई खडेबाजारात भाजीवालीशी कानडी आणि माझ्याशी मराठी बोलते, अगदी त्याच सहजतेने.

दुसऱ्या दिवशी ओत्झी पाहिला. त्याचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढलं होतं. 1991 मध्ये बर्फात सापडलेला, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा माणूस. उणे 6 अंशांच्या खोलीत ठेवलाय, छोट्याशा खिडकीतून बघायचा. खांद्यात बाण घुसून मेलेला. त्याच्या पोटात रानबोकड, हरीण आणि गहू सापडला, हे वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "चला, गहू तरी होता!"

निघताना फळबाजारात एका टोपलीत चपट्या, कडक, खाकरा जाडसर लाटावा तशा भाकऱ्या दिसल्या. नाव श्युट्टलब्रोट, राय नावाच्या धान्याच्या. आईने एक तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि थांबली. "अगं, मेथी आहे यात!" खरंच होती. आपली नाही, तिची आल्प्समधली निळ्या फुलांची चुलतबहीण. पिशवीवर नावं दोन, वास एकच.

तीन पाकिटं घेतली. म्युनिकला पोचल्यावर आईने आमटी केली आणि ती भाकरी त्यात चुरून खाल्ली. मी विचारलं, "कशी लागतेय?"

"अजून पाच मिनिटं भिजू दे. दात पडतील माझे."